बोर्डिंगच्या गाद्या

माझा धाकटा दीर नबीलाल दुसऱ्याच्या तोंडचा घास कधी काढणार नाही, पण दुसऱ्याच्या तोंडचा शब्द काढून घेतल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. कुणी त्याच्या बायकोला विचारावं, "शरिफा, च्या घेतीस का?" तर हा ओट्यावरून ओरडणार, "तिला नको, तिला पित्त होतं." तिला कसलं पित्त! चहाच्या वासानं तिचा जीव खालीवर होत असतो. माझ्या मुलाच्या, वलीच्या निकाहात काझीसाहेबांनी नवऱ्या मुलाला "कबूल आहे?" म्हणून विचारलं आणि नबीलालनं मांडीवर थाप मारून "कबूल!" म्हटलं. काझी म्हणाले, "मियाँ, तुमचं होऊन जमाना झाला. आता पोराला बोलू द्या." अख्खा मांडव हसला. घरात होती तोवर त्याची ही खोड आम्ही हसून सोडून दिली. पण माणूस पुढारी झाला की त्याची खोडही पुढारी होते.

आम्ही पिंजारी. तालुक्याच्या गावात वेशीच्या आत आमची घरं एकाला एक लागून आहेत. जुन्या गाद्या उसवायच्या, आत दगड झालेला कापूस पिंजून पुन्हा मऊ करायचा, खोळीत भरायचा आणि टाके घालायचे, हे आमचं काम. उसवणं आणि टाके बायकांचे, पिंजण गड्यांचं. नवरा गेल्यावर हे घर मी चालवलं, आणि कसं चालवलं ते ईटपासून तामलवाडीपर्यंत कुणाच्याही अंथरुणाला विचारावं. बिस्मिल्लाबीनं भरलेल्या गादीत गाठ सापडली, असं म्हणणारा माणूस अजून मला भेटायचा आहे.

नबीलालनं मात्र पिंजण कधीच खाली ठेवलं. तो मक्ते आणतो. सरकारी बंगला, दवाखाना, पोरांचं बोर्डिंग, सगळीकडं त्याचा सलाम पोचलेला. मोठं काम त्याच्या हातून येतं, म्हणून जमातीत त्याचा शब्द मोठा. ते मी मान्य करते. पावसाळा सरल्यावर बोर्डिंगच्या गाद्या आल्या की आमच्या सगळ्या घरांच्या चुली हिवाळाभर पेटत्या राहतात.

त्या साली गाद्या आल्या त्या वेगळ्याच. बैलगाडीतून उतरवतानाच त्यांना कुबट वास मारत होता, बंद पडलेल्या विहिरीसारखा. शरिफानं पहिली खोळ उसवली आणि आतून पांढरी भुकटी भसकन तिच्या मांडीवर पडली.

ढेकणांची पावडर होती ती. त्या दिवसांत सगळीकडं तिचंच कौतुक. शेतात कीड पडली, मारा पावडर. ज्वारीला पोरकिडे लागले, मारा पावडर. आमच्या पेठेत चन्नबसप्पाच्या दुकानात गुळाच्या ढेपेशेजारी तिचं पोतं उघडं असायचं. बोर्डिंगचे विरुपाक्ष मास्तर तर तिच्यावर फार खूष. पूर्वी पोरं ढेकणांमुळं रात्रभर अंगणात बसून काढायची, पावडर आली तशी झोपायला लागली. मास्तरांनी मग हात सैल सोडला. गादीवर मारून भागेना म्हणून खोळीला चिरा पाडून आत मूठमूठ भरली. त्या वर्षी पावसाळाभर.

मी नबीलालला म्हटलं, "हे काय आणलंस? आधी उन्हात झटकून तरी द्यायला सांग त्यांना."

"तेवढ्यासाठी मास्तरांना बोलू? भाबी, पावडर ढेकणाला मारती, माणसाला न्हाय."

आता पिंजाऱ्याचं काम कसं चालतं ते सांगायला पाहिजे. पिंजण छताला टांगलेलं असतं. त्याच्या तातीवर, ताणलेल्या दोरीवर, लाकडी ठोकळा मारला की ती थरथरते आणि कापसाचा गठ्ठा फुटून फेस झाल्यासारखा वर येतो. एवढा हलका, की कुणी नुसतं दारातून आत आलं तरी तो जागचा हलतो. म्हणून पिंजताना आम्ही दार लावतो, खिडकीत पोतं कोंबतो, उंबऱ्याच्या फटीला ओलं फडकं लावतो. वाऱ्याला आत येऊ द्यायचं नाही, हे पिंजाऱ्याच्या पोराला चालायच्या आधी कळतं. आत तूस उडतं. ते नाकातोंडात जातं, त्याला आम्ही कधी मोजलं नाही. गूळ खाल्ला, घसा साफ केला, पुन्हा तातीवर हात.

तशा बंद खोलीत माझा वली बोर्डिंगचा कापूस पिंजत बसला. तूस उडालं, त्याच्याबरोबर पावडर उडाली.

पहिल्यांदा डोकं दुखलं. मग त्याला अन्न नकोसं झालं. एक दिवस दुपारी तो पाणी प्यायला बाहेर आला तर तांब्या त्याच्या हातात नाचत होता. पाणी सगळं छातीवर. तरी हसून म्हणाला, "अम्मा, तात अजून माझ्या हातातच वाजतीया."

एवढं बोलला आणि माझ्यासमोर अंगणात कोसळला. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, टाचा जमिनीवर आपटत होत्या. त्याची बायको अजीजाबी त्याचं डोकं मांडीवर घ्यायला गेली तर तिला ते धरवेना. कुणी कांदा हुंगवला, कुणी वहाण. ज्या मुलाला मी तापातसुद्धा कधी कण्हू दिलं नाही, तो गल्लीदेखत मातीत झटके देत होता. आमची मांजरी त्या कापसावर निजायची, ती दुसऱ्या दिवशी तशीच झटके देत मेली. तिला कुणी कांदा हुंगवला नाही.

दवाखान्यात आम्ही त्याला उचलूनच नेलं. डॉक्टर तरुण होता, नीट बघत होता. त्यानं वलीला विचारलं, "काम काय करतोस?"

वलीची जीभ चावली गेली होती. तो तोंड उघडेपर्यंत नबीलाल बोलला, "शेतात राबतो, साहेब. उन्हाचं झालं असंल."

मी दाराशी उभी होते. मला वाटलं, घाईत बोलला असेल, आता सुधारेल. त्यानं सुधारलं नाही. डॉक्टरनं फेफरं म्हणून लिहिलं आणि गोळ्या दिल्या.

बाहेर आल्यावर मी त्याची वाट अडवली. "माझा पोरगा शेतात कधीपासून राबायला लागला?"

"भाबी, हळू. गाद्यांचं नाव दवाखान्यात निघालं तर मास्तरांच्या कानावर जाईल. उद्या मक्ता दुसऱ्याला."

"आणि पोराला औषध कशावरचं मिळालं?"

"औषध ते औषध."

त्या दिवसापासून आमच्या घरात फेफरं शिरलं. वलीला परत झटका आला. अजीजा उलट्या करत होती. आळीतल्या बायका उसवायला बसल्या की कपाळाला फडकी बांधून बसायच्या. कुणाला विचारावं तर "काय न्हाय, ऊन लागलं." कार्तिक लागला तरी सगळ्यांना ऊनच लागत होतं.

हरिबा आमचा शेजारी. मेंढरं राखतो, कामापुरतं बोलतो. तो एका सकाळी कुडाशी येऊन उभा राहिला.

"बी, उद्या पंचायत समितीत सभा हाय. उस्मानाबादेहून साहेब येणारेत."

"कशाची?"

"पावडरीची. कुठंतरी पेरायला पावडर लावून ठेवलेली ज्वारी लोकांनी दळून खाल्ली, माणसं आडवी झाली. आता कायदा करणार म्हणं, कुणी विकायची, कुणी कशी वापरायची. लोकांना विचारून लिहिणार. माझी धा-पंधरा मेंढरं बांधावरचं गवत खाऊन गेली, मी बोलणार हाय."

"आम्हाला निरोप न्हाय आला."

हरिबा काठीनं माती उकरत राहिला. "शेतकऱ्यांना हाय. दुकानदारांना हाय. मास्तरांना हाय. पिंजाऱ्यांचं कुणाच्या डोक्यात आलं नसंल. न्हाय म्हणायला, नबीलालभाईला बोलवलंय."

नबीलालला निरोप येऊन गेला होता आणि त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मी त्याच्या ओट्यावर गेले. तो टोपी धुऊन वाळत घालत होता. दुसऱ्या दिवसाची तयारी.

"उद्या आमी सगळ्या येणार," मी म्हटलं.

"कुठं?"

"जिथं तू जाणार हाईस तिथं."

त्यानं टोपी दोरीवरून काढली, पुन्हा वाळत घातली. "भाबी, तुम्ही येऊन काय करणार? मी हाय ना. मी सांगतो बरोबर."

"काय सांगणार?"

"सांगीन. आमची काही तक्रार न्हाय, साहेब म्हणतील तसं वागू. एवढंच सांगायचं असतं."

"वली आत पडलाय, नबीलाल."

"म्हणूनच!" तो उसळला. त्याचा आवाज कधी चढत नाही, त्या दिवशी चढला. "पोरगा पडलाय, त्यात कामपण पडू दे? बोर्डिंगचं काम गेलं की बंगल्याचं जाईल, दवाखान्याचं जाईल. सोलापूरचे पिंजारी टपून बसलेत. भाबी, पोलीस अॅक्शनच्या साली आठवतंय? लष्कराची गाडी वेशीत आली तेव्हा सगळी आळी दारं लावून बसली होती. पुढं कोण गेलं? मी गेलो. हात जोडून सांगितलं, आमची काही तक्रार न्हाय, आमचं कुणाशी भांडण न्हाय. त्या एका वाक्यावर ही घरं उभी हायेत. शेजारच्या गावात कुणी असं बोललं नव्हतं, तिथं काय झालं तुम्हाला माहीत हाय."

मला माहीत आहे. त्या वेळी माझा नवरा तापानं फणफणला होता आणि मी दोन पोरं पोटाशी धरून कोठीत बसले होते. नबीलालचं वाक्य मला भिंतीतून ऐकू आलं होतं. त्याचं मिसरूड फुटलेलं होतं एवढंच, तरी गेला. आमच्या घरात त्याच्या ताटात पहिली भाकरी पडते ती उगाच नाही.

पण त्याला वाटतं ती गाडी अजून वेशीतच उभी आहे.

"उद्याचा साहेब बंदूक घेऊन येणार न्हाय," मी म्हटलं. "तो विचारायला येणार हाय. विचारणाऱ्याला तक्रार न्हाय म्हणून सांगितलं तर तो लिहून घेतो आणि जातो."

"जाऊ द्या की त्याला."

आत शरिफा भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला होता.

"शरिफा, तू येणार?" मी विचारलं.

"ती येणार न्हाय," नबीलाल म्हणाला.

सकाळी मी निघाले तेव्हा आळीतल्या बायका दारात उभ्या होत्या. काल सगळ्या येते म्हणाल्या होत्या. आज एकीचं पोर रडत होतं, एकीच्या सासऱ्याला बरं वाटत नव्हतं. मी कुणाला काही बोलले नाही. काम गेलं तर हिवाळाभर काय खायचं, हा सवाल मला काय पडत नव्हता? चालत वेशीपर्यंत गेले तेव्हा मागं चपला वाजल्या. तिघीचौघी आल्या होत्या. सगळ्यांत मागं, पदर कपाळापर्यंत ओढून, शरिफा. मी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती परत फिरली असती.

समितीची खोली भरली होती. पुढं खुर्च्या, मागं सतरंजी. आम्ही दाराशी भिंतीला टेकून बसलो. नबीलाल पुढच्या रांगेत होता. त्यानं मान वळवली, मला बघितलं, मग शरिफाला बघितलं. त्याचा चेहरा उतरला.

साहेब पोक्त होते, चष्म्याचे, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. शेजारी एक कारकून लिहायला. चन्नबसप्पा आधी उठला आणि पावडरीमुळं किती धान्य वाचलं ते सांगत सुटला. साहेबांनी विचारलं, "गुळाशेजारी ठेवता का पावडर?" तो म्हणाला, "जागा लहान हाय, साहेब." लोक हसले. हरिबा उठला, मेंढरांचं बोलला, नीट बोलला. विरुपाक्ष मास्तर उठले. ते खोटं बोलणारे गृहस्थ नाहीत. म्हणाले, "साहेब, ढेकणांनी पोरांची पाठ रक्तबंबाळ व्हायची. अभ्यास काय करणार? या पावडरीनं माझी पोरं झोपायला लागली. बंद करू नका एवढीच विनंती आहे."

साहेब म्हणाले, "बंद कोण करतंय? नीट वापरायची, एवढंच." मग कारकुनानं आधीच तयार करून आणलेली कलमं वाचायला घेतली. खाण्याच्या जिनसांजवळ ठेवू नये. उघड्या हातानं टाकू नये. लोक माना डोलावत होते. मग त्यानं वाचलं, "पावडर टाकलेल्या गाद्यांचा कापूस पिंजाऱ्यांनी बंद खोलीत पिंजू नये. उघड्या जागी, वाऱ्याच्या तोंडाला बसून पिंजावा."

माझ्या शेजारच्या बाईनं तोंडाला पदर लावला.

साहेबांनी विचारलं, "पिंजाऱ्यांपैकी कुणी आहे का?"

नबीलाल उठला. हात जोडले. "आहे, साहेब. आमची काही तक्रार नाही. साहेब म्हणतील तसं करू."

"चांगलं," साहेब म्हणाले आणि कारकुनानं टाक शाईत बुडवला.

मी उठले. गुडघा कडकडला, भिंतीला धरून उठले.

"थांबा जरा. लिहू नका."

सगळ्या माना मागं वळल्या. साहेबांनी चष्मा वर केला. "बाई, तुमचा माणूस बोलला ना आत्ता?"

"माझा माणूस कबरस्तानात हाय, साहेब. हा माझा दीर हाय."

कुणीतरी फिसकन हसलं. नबीलाल हळूच म्हणाला, "भाबी, बसा." मी बसले नाही.

"साहेब, पीठ कुणी वाऱ्यात बसून चाळतं का? पिंजलेला कापूस त्याच्याहून हलका. तुमच्या कलमाप्रमाणं मी अंगणात बसले तर गादी तुमच्या चपराशाच्या डोक्यावर भरली जाईल. मग पिंजारी काय करंल? पोटासाठी गुपचूप दार लावंल. आणि पडला की तुमी म्हणाल, कलम होतं, यानंच मोडलं. मेला तरी गुन्हेगार तोच."

खोलीत कुजबुज झाली. साहेब चिडले नाहीत, पण त्यांचा आवाज सरकारी झाला. "पडला म्हणता. कोण पडलं? किती जणांना त्रास झालाय?"

"कुणालाच नाही, साहेब," नबीलाल बोलला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "एक मुलगा आजारी आहे, पण त्याला फेफरं आहे. दवाखान्याचा कागद आहे तसा."

त्यानंच पेरलेलं खोटं आता सरकारी शिक्का लावून माझ्यासमोर उभं होतं. साहेबांनी कारकुनाकडं बघितलं. कारकुनानं मान हलवली. माझं बोलणं एका म्हातारीचं बोलणं होतं, आणि त्यांच्याकडं कागद होता.

"फेफरं न्हाय," मी म्हटलं. "डॉक्टरला यानं शेतमजूर म्हणून सांगितलं. डॉक्टरनं खरं काम ऐकलंच न्हाय."

"हे खरं आहे?" साहेबांनी त्याला विचारलं.

नबीलाल गप्प. आयुष्यात पहिल्यांदा त्याला विचारलेल्या सवालाला तो गप्प. मग मास्तर खुर्चीत हलले आणि म्हणाले, "साहेब, घरगुती भांडण दिसतंय." तसा कारकून पुढचं कलम काढायला लागला. मला दिसलं, हे हातातून चाललं.

साहेब मागं बसलेल्या बायकांकडं बघत होते. त्यांची नजर शरिफावर थांबली. का थांबली, अल्ला जाणे. बहुतेक ती एकटीच खाली बघत नव्हती म्हणून.

"तुम्ही गाद्या उसवता?"

"व्हय जी."

"तुम्हाला काही त्रास?"

"तिला काही त्रास नाही, साहेब," नबीलाल म्हणाला.

साहेब त्याच्याकडं वळलेसुद्धा नाहीत. "मी त्यांना विचारलं."

पंख्याचा कर्रकर्र आवाज येत होता. शरिफा बसल्याजागी पदराशी चाळा करत होती. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. तिनं न्हाय म्हटलं असतं तर तिला मी काय दोष देणार होते? संध्याकाळी तिला त्याच्याच चुलीशी बसायचं होतं.

ती उठली.

"सुईत दोरा ओवता येईना, साहेब." आवाज एवढासा. "हात कापतो. महिना झाला. रोज सकाळी आमचे हे दार लावून घेतात आणि सगळ्या सुयांत दोरा ओवून ठेवतात. कुणाला दिसू नये म्हणून. मग मी टाके घालते."

मला हे माहीत नव्हतं. भिंतीला भिंत लागून राहते मी, आळीतलं मांजर व्यालं तरी मला आधी कळतं, आणि हे मला माहीत नव्हतं.

नबीलाल खाली बसला. कुणी त्याला बस म्हटलं नव्हतं.

"हात पुढं करा," साहेब म्हणाले. शरिफानं दोन्ही हात पुढं केले. पदर आणि बांगड्या दोन्ही थरथरत होत्या. कुणी हसलं नाही. मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

आणि मग दाराबाहेरून आवाज आला, "साहेब, माझंबी लिवा." बोर्डिंगात झाडलोट करणारी नागूबाई. ती सभेला आलीच नव्हती, मास्तरांचा डबा घेऊन आली होती. "पावडर मीच मारते. हातानं. मास्तरांनी सांगितलंय म्हणून. रातीला हात पाण्यात बुडवून बसते, एवढी आग हुती." मास्तर चकित होऊन म्हणाले, "नागूबाई, मला कधी बोलली नाहीस!" ती म्हणाली, "तुमी कुठं इचारलंत?"

साहेबांनी कारकुनाच्या हातातला कागद घेतला आणि वाऱ्याच्या तोंडाचं कलम स्वतः आडवी रेघ मारून खोडलं. मग मला विचारलं, "मग काय लिहू, सांगा."

सगळी खोली माझ्याकडं बघत होती. खोटं कशाला बोलू, तो मान मला गोड लागला. तोंडाशी शब्दही आले. पण शरिफाचे हात अजून पुढंच होते.

"मला एकटीला विचारू नका. मी एकटीच आळीच्या वतीनं सांगायला लागले तर माझ्यात न् माझ्या दिरात फरक काय? आमच्या आळीत या. पिंजणाशेजारी बसा. पडलेल्या माणसाला विचारा, उसवणारीला विचारा, या नागूबाईला विचारा. मग लिवा. तोवर कोरं ठेवा."

साहेबांनी हातातला कागद पुन्हा बघितला. "वरून घाई आहे," म्हणाले. मग म्हणाले, "कोरं ठेवतो. पुढच्या दौऱ्यात येतो." येतील की नाही, ते त्यांच्या तोंडावरून मला कळलं नाही. पण कलम कोरं राहिलं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. डॉक्टरकडंही त्यांनी चिठ्ठी दिली, वलीला खरं काम सांगून पुन्हा दाखवायला.

मास्तर उठता उठता म्हणाले, "तोवर माझ्या गाद्यांचं काय? थंडी तोंडावर आलीय. मला सोलापूरला पाठवाव्या लागतील." रागानं बोलले नाहीत. म्हणूनच ते खरं होतं.

बाहेर लिंबाखाली नबीलाल आमची वाट बघत उभा होता. टोपी हातात. बायका पुढं निघून गेल्या, शरिफाही गेली, त्याच्याजवळून गेली तरी थांबली नाही. मी थांबले.

"झालं समाधान?" तो म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "गाद्या गेल्या. सगळ्या गावासमोर माझ्या बायकोचे हात दाखवले. मी कुणासाठी करत होतो, भाबी? माझ्यासाठी? सगळ्यांना जगवायलाच बोलत होतो ना मी?"

"व्हय. आमच्यासाठीच," मी म्हटलं. "आता माझं ऐक, मधी बोलू नको. काम गेलं, ते मी सभेत बोलले म्हणून गेलं. हिवाळ्यात माझ्या घरात दाणा असंल तर तुझ्या घरात असंल, नसंल तर दोघांच्या नसंल, त्याची चिंता तू करू नको. मक्ते आण, मास्तरांच्या पाया पड, सलाम कर, ते तुला येतं. पण रोज सकाळी तिचे हात कापताना बघून तू भर सभेत तिला काही त्रास न्हाय म्हणालास. ते भ्यायलेल्या माणसाचं बोलणं नव्हतं, नबीलाल, मालकाचं होतं. म्हणून आजपासून पिंजाऱ्यांच्या वतीनं तू बोलायचं न्हाय. जमातीत न्हाय, दवाखान्यात न्हाय, साहेबापुढं न्हाय. घरी जा, तिच्यासमोर बस आणि तिला विचार, तुला काय होतंय. आणि ती सांगंल तेवढा वेळ तोंड मिटून ऐक."